यकृताच्या वेशीवरील गाठी आणि सोनोग्राफी

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सभासद आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय थोडा अवघड वाटेल. सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ असते : ‘यकृताच्या द्वाराजवळ लसिका ग्रंथी वाढलेल्या दिसतात.’ ही ओळ वाचून आपल्या दोन तालुक्यांत किती घरांची झोप उडाली असेल याची गणती नाही. गाठ म्हटले की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो कॅन्सर, आणि दुसरा टीबी. या दोहोंखेरीज तिसरेही एक कारण असते, आणि ते बरेच वेळा असते, हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. ते कारण म्हणजे यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहिलेला कावीळीचा विषाणू.

कावीळ आपल्याला नवीन नाही. पावसाळा सुरू झाला, विहिरीत ओढ्याचे पाणी शिरले की गावात डोळे पिवळे झालेली माणसे दिसू लागतात. मग कोणी माळ घालून घेतो, कोणी हातावर चुना चोळून कावीळ ‘उतरवून’ घेतो, कोणी नाकात कडू रस सोडून घेतो. पंधरा दिवस ते महिनाभरात बहुतेक माणसे बरी होतात आणि श्रेय माळेला जाते. खरे पाहता दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते. गरोदर स्त्रीला मात्र ‘ई’ची कावीळ जिवावर बेतू शकते. तिला माळेच्या भरवशावर घरी ठेवू नये.

आमचा आजचा विषय या कावीळीचा नाही. ‘बी’ आणि ‘सी’ हे दोन विषाणू पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून येतात : न उकळलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, एकाच वस्तऱ्याने केलेल्या दाढ्यांतून, जत्रेत एकाच सुईने दहा जणांना केलेल्या गोंदणातून. ‘बी’ शरीरसंबंधातूनही येतो, आणि आईकडून बाळाला जन्मतेवेळी येतो. हे विषाणू अंगात शिरतात तेव्हा बहुतेकदा डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस शेतावर जातो, ट्रक चालवतो, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या पाट्या उचलतो, आणि यकृत आतल्या आत सुजत राहते. लहानपणी, विशेषतः जन्मतेवेळी, ‘बी’ची लागण झाली तर दहापैकी नऊ मुलांत तो कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर शंभरांत पाचांहून कमी जणांत राहतो. ‘सी’ मात्र मोठ्या माणसातही निम्म्याहून अधिक वेळा कायम राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ‘बी’चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. यांतील बहुतेकांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताच नाही.

पत्ता लागतो तो बहुधा अपघाताने. आपल्यासारख्या संस्था १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला रक्तदान शिबिर घेतात. एखादा तरुण हौसेने रक्त देतो, आणि काही दिवसांनी रक्तपेढीकडून निरोप येतो की भेटून जा. तिथे ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ हे शब्द तो आयुष्यात प्रथम ऐकतो. पुढे कोणीतरी त्याला सोनोग्राफी करण्यास सांगते, आणि त्या रिपोर्टात ती ओळ येते. म्हणजे एका धक्क्यावर दुसरा धक्का.

आता या गाठी म्हणजे काय ते पाहू. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होते. ते अवधाण म्हणजे लसिका ग्रंथीच. शरीराच्या पेशींभोवती जे पातळ द्रव असते ते बारीक नळ्यांतून परत रक्तात जाते. त्याला लसिका म्हणतात. वाटेत जागोजागी या ग्रंथी तपासणी नाक्यासारख्या बसलेल्या असतात. जंतू आला की नाक्यावर गर्दी होते, म्हणजे ग्रंथी सुजते. पायाचा नाका जांघेत, हाताचा काखेत, घशाचा जबड्याखाली. आणि यकृताचा? यकृताच्या खालच्या अंगाला जिथून पोर्टल शीर आणि यकृताची रोहिणी आत शिरते आणि पित्तनलिका बाहेर पडते, त्या जागेला वैद्यकात यकृताचे द्वार म्हणतात. आम्ही तिला यकृताची वेस म्हणतो. यकृताचे नाके या वेशीवर आणि तिच्या मागे, पोर्टल शीर व पाठीकडची मोठी महाशीर यांच्या मध्ये बसलेले असतात.

यकृत लसिका तयार करण्यात फार पुढे आहे. शरीरातल्या एकूण लसिकेचा पाव ते निम्मा भाग एकट्या यकृतातून येतो आणि त्यातला बराचसा या वेशीतूनच बाहेर पडतो. मग यकृतात विषाणू आणि पांढऱ्या पेशी यांची वर्षानुवर्षे लढाई चालू असेल, तर वेशीवरच्या नाक्यांवर गर्दी होणार नाही तर काय होईल? म्हणून दीर्घकालीन हिपॅटायटिसमध्ये या ग्रंथी मोठ्या दिसतात. जर्मनीत फ्रँकफर्ट येथे डॉ. क्रिस्टोफ डीट्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘सी’च्या रुग्णांमध्ये सोनोग्राफीने या ग्रंथी पद्धतशीर मोजल्या. ग्रंथींचा आकार आणि यकृतातील सूज यांचा संबंध आहे, आणि औषधाने विषाणू गेला की ग्रंथी लहान होतात, असे त्यांनी १९९७ आणि २००० साली प्रसिद्ध केले. ‘सी’मध्ये ही वाढ जास्त वेळा दिसते, ‘बी’मध्ये त्याहून कमी. शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यामुळे होणाऱ्या काही आजारांतही ती दिसते. नुसते चरबी साठलेले यकृत असेल तर ती तितक्या वारंवार आढळत नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी यंत्राविषयी थोडे सांगतो. शिवनेरीच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली आणि एका सेकंदाने प्रतिध्वनी आला, तर कडा किती दूर? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन ३४०, म्हणजे कडा १७० मीटरवर. सोनोग्राफी हेच गणित करते. फरक एवढाच की तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. पोट पाहण्याचे यंत्र सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी सोडते. शरीराच्या मऊ भागात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या ग्रंथीवरून त्याचा प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाचा साडेसात हजारावा भाग लागतो. असे असंख्य प्रतिध्वनी जुळवून पडद्यावर चित्र उमटते. आपल्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी उभ्या आहेत. त्याही लहरीच टिपतात, पण त्या आकाशातून आलेल्या रेडिओलहरी नुसत्या ‘ऐकतात’. आमच्या हातातले लहानसे उपकरण हाकही स्वतः मारते आणि ऐकतेही स्वतःच. यात क्ष-किरण नाहीत, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. दीर्घकालीन आजारात हा फार मोठा फायदा आहे.

आवाजाला हवा मात्र आडवी येते. आतड्यातील वायू म्हणजे पडद्यावरचे धुकेच. वेशीवरच्या ग्रंथी नेमक्या जठर आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लागून असतात. म्हणून आम्ही सहा तास उपाशी यायला सांगतो. पुष्कळ मंडळी ‘नुसता चहा घेतला’ म्हणतात. चहाबरोबर पाव असतो, आणि दुधाच्या चहाने पित्ताशय आकसते. हवेचा अडथळा टाळण्यासाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतो, खोल श्वास घेऊन धरायला सांगतो. यकृत खाली सरकते आणि त्याच्याच खिडकीतून मागची वेस दिसते. यकृताचाच एक लहानसा लोंबता भाग तिथे असतो, तो कधी कधी ग्रंथीसारखा भासतो. आडवे-उभे दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर तो यकृताला जोडलेला असल्याचे कळते. ही तपासणी घाईची नाही. बाहेर पंचवीस माणसांची रांग असली तरी या जागेला पाच मिनिटे दिलीच पाहिजेत, असे आमचे मत आहे.

ग्रंथी दिसली, आता ती कसली? इथे आकड्यापेक्षा आकाराला जास्त महत्त्व आहे, आणि नेमके हेच रिपोर्ट वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘२२ मिलिमीटर’ वाचले की लोक घाबरतात. परंतु या जागेची ग्रंथी निरोगी माणसातही लांबट, चपटी असते. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर असून जाडी एका सेंटिमीटरच्या आत असेल, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. विषाणूमुळे सुजलेली ग्रंथी बहुधा आपला लांबट आकार सोडत नाही. तिच्या मध्यभागी चरबीची पांढरी रेघ दिसते, आणि डॉपलर लावला तर रक्तवाहिनी त्या मधल्या रेघेतूनच आत जाताना दिसते. कॅन्सर पसरलेली ग्रंथी गोल होत जाते, मधली रेघ पुसली जाते, रक्तवाहिन्या कडेने वेड्यावाकड्या शिरतात. टीबीच्या ग्रंथी एकमेकींना चिकटून झुबका करतात, त्यांचा मध्य काळपट, सडल्यासारखा दिसतो, कधी चुन्याचे कण असतात, आणि सोबत पोटात पाणी किंवा आतड्याची जाडी वाढलेली असते. हे सारे ‘बहुधा’ आहे. टीबीची सुरुवातीची ग्रंथी साधी दिसू शकते. ‘सी’च्या रुग्णांत लसिका ग्रंथींच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला असतो हेही खरे. म्हणून चित्र एकट्याने निकाल देत नाही. रक्त, छातीचा एक्स-रे आणि रुग्णाची हकीगत मिळून निकाल लागतो.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई थकवा आणि उजव्या बरगडीखालच्या जडपणासाठी आल्या होत्या. त्यांच्या हातात दुसरीकडचा रिपोर्ट होता; त्यात वेशीवर तीन ग्रंथी, सर्वांत मोठी २२ बाय ९ मिलिमीटर. ना ताप, ना खोकला, ना वजन घटलेले. पण ‘पोटात गाठी आहेत, टीबीच असणार’ म्हणून त्यांना टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. कॉलेजात शिकणारा मुलगा सोबत होता. त्याने हळूच आम्हांला बाजूला घेऊन विचारले, ‘कॅन्सर आहे का ते तेवढं सांगा, आईला सांगू नका.’ आम्ही पुन्हा तपासणी केली. ग्रंथी लांबट, मधली रेघ शाबूत, रक्तवाहिनी मधूनच. यकृताची कडा अजून सरळ, पानथरी वाढलेली नाही, पोटात पाणी नाही. मग मागची हकीगत विचारली. एका बाळंतपणात खूप रक्त गेले होते आणि दोन बाटल्या चढवल्या होत्या. साल १९८७. ‘सी’ विषाणूचा शोधच १९८९ साली लागला. त्याआधी त्याची चाचणी जगात कुठेही नव्हती. कोणाचा दोष काढावा? गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्या, एवढेच आम्ही सांगितले. ‘सी’ची प्रतिपिंडे निघाली, विषाणू मोजण्याची आरएनए चाचणीही पॉझिटिव्ह आली. थुंकी आणि छातीचा एक्स-रे साफ होते.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. टीबी आपल्याकडे खरोखर आहे आणि ज्याला तो सिद्ध झाला आहे त्याने ‘बी’ किंवा ‘सी’ असला तरी उपचार घेतलाच पाहिजे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि यकृताच्या चाचण्या करीत. आमचा आक्षेप आहे तो नुसत्या गाठीच्या ओळीवरून गोळ्या सुरू करण्याला. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही टीबीची तिन्ही प्रमुख औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. आधीच विषाणूने सुजलेल्या यकृताला अधिकच. ज्याला टीबी नाही आणि हिपॅटायटिस आहे, त्याला ही औषधे देणे म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून वेशीवरची गाठ दिसली की टीबी-कॅन्सरच्या बरोबरीने एचबीएसएजी आणि ‘सी’ची प्रतिपिंडे या दोन साध्या रक्तचाचण्या झाल्याच पाहिजेत.

त्या बाईंना ‘सी’वरच्या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्स झाला. सोफॉस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्यांनी शंभरांत पंचाण्णव जणांच्या आसपास विषाणू समूळ जातो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखालील सरकारी उपचार केंद्रांत तपासण्या आणि गोळ्या मोफत आहेत. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला. पुढे आम्ही सोनोग्राफी केली तेव्हा २२ ची ग्रंथी १५ मिलिमीटर लांब भरली, बाकीच्या दोन शोधाव्या लागल्या. बाईंनी विचारले, ‘गाठ अजून आहेच ना?’ आहे, आणि राहील; नाका कोणी पाडून टाकत नाही, गर्दी कमी झाली एवढेच. ‘बी’वर असा समूळ उपाय अजून नाही. रोज एक गोळी घेऊन विषाणू दाबून ठेवता येतो, आणि ज्याला गोळीची गरज आहे त्याने ती सल्ल्याशिवाय कधीही थांबवू नये, अन्यथा तो उसळून येतो.

ग्रंथी दिसल्या नाहीत म्हणजे हिपॅटायटिस नाही, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. जाड पोटाच्या माणसात त्या दिसतच नाहीत. आणि ग्रंथीच्या मापावरून यकृत किती खराब झाले हेही सांगता येत नाही. त्यासाठी यकृताचा पृष्ठभाग, पानथरी, पोर्टल शीर, रक्तातील प्लेटलेट्स आणि जिथे सोय असेल तिथे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी लागते. ज्याचे यकृत आकसून कडक झाले आहे, त्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करीत राहावे, कारण यकृताचा कॅन्सर लहान असताना सापडला तरच हाती काही राहते. असे लोक आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर येईनासे होतात. दुखत नाही म्हणून येत नाहीत.

येणे सोपे नाही हेही आम्ही जाणतो. आहुपे, असाणे किंवा इकडे हातवीज, अंजनावळे येथून मंचर-जुन्नरला यायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि वर सहा तास उपाशी. ‘यंत्रच गावात आणा’ असे लोक म्हणतात. पण गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, आणि आता सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेवरच वापरण्याचे कडक बंधन आहे. मुलींच्या जिवासाठी केलेला तो कायदा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मग उरतो उपाय तो असा की आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावातले चार-पाच रुग्ण एका दिवशी मिळून आणावेत, आदल्या दिवशी केंद्राला कळवावे, म्हणजे उपाशी माणसे दुपारपर्यंत बाकावर बसणार नाहीत. आणखी एक. सोनोग्राफी म्हणजे बायकांची तपासणी असा समज असल्याने पुरुष लाजतात. हा समज तरुण मुलांनीच मोडावा.

घरातल्यांविषयी नेहमी विचारले जाते. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, जवळ बसल्याने ‘बी’ किंवा ‘सी’ होत नाही. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या वेगळ्या भांड्याचा अपमान सोसला, त्यांच्या घरात तरी रुग्णासाठी वेगळे भांडे ठेवले जाऊ नये. वस्तरा, नखे काढण्याचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळा हवा. घरात कोणी ‘बी’ पॉझिटिव्ह असेल तर इतरांनी तपासून घ्यावे, आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लशीचे तीन डोस घ्यावेत. ‘बी’ची लस २०११ पासून देशभरातील बालकांच्या सरकारी लसीकरणात आहे. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. पहिला डोस चोवीस तासांतच का, तर आईकडून आलेला विषाणू यकृतात घर करण्यापूर्वी त्याला गाठायचे असते. घरी बाळंत झालेल्या बाईच्या बाळाचा हा डोस हमखास चुकतो, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. ‘सी’ची लस नाही. त्याला अडवायचे तर साध्या तापाला ‘सुई मारा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणे सोडले पाहिजे, आणि सुई घ्यावीच लागली तर ती नवी पाकीट फोडून काढलेली आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्याने ‘बी’ची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली.

शेवटी तपासणीला येताना काय आणावे ते सांगतो, कारण रोज याच कारणाने काम अडते. आधीचे सगळे रिपोर्ट आणावेत, नुसता शेवटचा नव्हे. त्यांबरोबरच्या फिल्मही आणाव्यात, त्या गुंडाळी करून ठेवू नयेत. रक्ताचे कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणावीत, झाडपाल्याचे औषध असेल तर तेही लपवू नये. पूर्वी कधी रक्त चढवले असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, गोंदले असेल, तर ते साल आठवून सांगावे. आणि नवी तपासणी शक्यतो पहिल्या ठिकाणीच करावी. एकाच हाताने, एकाच यंत्रावर मोजलेले २२ आणि १५ यांची तुलना होते. दोन ठिकाणच्या दोन आकड्यांतला तीन-चार मिलिमीटरचा फरक पुष्कळदा मोजण्याचाच असतो.